बाराव्या बशीचा कप

देवचंद बैसाणे यांना नजर आहे, असं जळगावात एकच माणूस म्हणतो, आणि तो म्हणजे स्वतः देवचंद बैसाणे. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेली माणसं सकाळी मेहरूणच्या तलावाला फेऱ्या मारतात, शुगर मोजतात, नातवंडांना शाळेत सोडून येतात आणि उरलेल्या वेळात सरकारला शिव्या घालतात. देवचंदभाऊंनी लिलाव धरले. कुठे जुना बंगला पाडायला निघाला, कुठे एखाद्या डॉक्टरची मुलं अमेरिकेतून येऊन बापाचं घर आठवड्यात आवरून टाकायला निघाली, की हे तिथे हजर. पांढरा सदरा, खिशात भिंग, आणि चेहऱ्यावर असा भाव की ब्रिटिश म्युझियमने यांना जाता जाता जरा बघून या म्हणून पाठवलंय.

पिंप्राळ्यातल्या त्यांच्या रो-हाउसच्या पुढच्या खोलीत आता माणसांना बसायला दोनच खुर्च्या उरल्या आहेत. बाकी जागा चिनी मातीच्या एका मेंढपाळीने (तिचा पाय आणि मेंढी दोन्ही नंतर चिकटवलेले), एकमेकांकडे तुच्छतेने पाहणाऱ्या दोन कुत्र्यांनी, अकरा फुलदाण्यांनी आणि कल्लेदार मिशांच्या एका इंग्रजाच्या अर्धपुतळ्याने व्यापली आहे. हा इंग्रज कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. शेजारच्या बाईंनी एकदा भक्तिभावाने विचारलं, "आजोबा का तुमचे?" त्यावर मंदाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, आतूनच उत्तर दिलं, "हो, यास्ना बापकडला." शिवाय कोपऱ्यात एक संगमरवरी बाई आहे, जिला कपडे घालायचं शिल्पकाराच्या लक्षातून राहून गेलं. पौर्णिमेला विहारातल्या बायका घरी यायच्या असल्या की मंदाबाई तिच्या अंगावर टॉवेल टाकतात.

मंदाबाईंचं माहेर पिंपळनेरकडचं. जळगावात चाळीस वर्षं काढली तरी त्यांची भाषा सटाणा-साक्रीची वेस ओलांडून इकडे आली नाही. भाऊ बाई विकत घेऊन आले त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं होतं, "इतला पैसा घेतात, आन् लुगडं बी दिन्हं नही का त्यास्नी?" भाऊंनी त्यांना शिल्पकलेतल्या नग्नतेवर अर्धा तास समजावून सांगितलं. मंदाबाईंनी तेवढ्यात तूर निवडून घेतली.

एवढं असूनही भाऊंचा खरा जीव चिनी मातीवर, आणि त्यातही कपांवर. कप हातात आला की ते आधी उजेडासमोर धरत, मग नखाने टिचकी मारून नाद ऐकत, मग उलटा करून बुडावरचा शिक्का वाचत. निळ्या काठाचा आणि वर बारीक सोनेरी वेल असलेला कप दिसला तर त्यांचा श्वासच बदलत असे. असे कप त्यांच्याकडे वीसेक आहेत, सगळे एकटेदुकटे, कुठल्या कुठल्या घरातून आलेले. "निळाच का घेता हो?" असं कोणी विचारलं तर भाऊ डोळे अर्धवट मिटून म्हणत, "हे शिकून येत नाही. रक्तात असावं लागतं." समोरचा मान हलवून स्टीलच्या पेल्यातला चहा संपवी, कारण या घरात कप होते ते बघायला होते.

मागच्या हिवाळ्यात नईमचा फोन आला. नईमचं जळगावात जुन्या फर्निचरचं दुकान आहे, आणि आसपासच्या जिल्ह्यांत कोणाच्या घरचा लिलाव असला की तोच पुकारतो. "देवचंदभाऊ, धुळ्याला एक बंगला आहे. जिनवाल्यांचा. नातू सगळं विकतोय. विलायती टी-सेट आहे, निळा. तुमच्यासाठीच बनवलाय समजा."

भाऊंनी पत्ता विचारला नाही. त्यांना तो माहीत होता. त्या कपाशीच्या जिनात त्यांचे वडील झिपरू काट्यावर हमाल होते. गाड्या आल्या की कापूस उतरवायचा, वजनाला लावायचा, पुन्हा उचलायचा. जिन बंद पडून जमाना झाला, झिपरू जाऊनही बरीच वर्षं झाली. पण बंगला धुळ्यात उभा होता, आणि भाऊ धुळ्याला कितीही वेळा गेले तरी त्या रस्त्याने गेले नव्हते. फोन ठेवल्यावर त्यांनी ठरवलं की जायचं, समोरच्या पायऱ्यांनी वर जायचं, आणि त्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू सगळ्यांच्या देखत बोली लावून उचलून आणायची. बाप ज्या घरात कधी उंबऱ्याच्या आत गेला नाही, त्या घरची कपबशी पिंप्राळ्यातल्या शोकेसमध्ये लागली पाहिजे. सूड घ्यायचा हा प्रकार जरा महागडा आहे खरा, पण निवृत्त माणसाला परवडेल असा दुसरा सूड तरी कोणता असतो?

मंदाबाईंना त्यांनी सांगितलं, धुळ्याला मित्राकडे जातोय. मंदाबाईंनी भिंग खिशात गेलेलं पाहिलं.

लिलाव बंगल्याच्या व्हरांड्यात होता. नातू लीलाधरशेठ नाशकाहून आला होता. पन्नाशीचा, गोरा, नम्र, आणि प्रत्येकाला 'काका' म्हणणारा. जागेवर कॉम्प्लेक्स होणार होतं, त्यामुळे तो बंगल्यातल्या वस्तूंकडे मोठ्या हळवेपणाने बघत होता आणि भराभर विकत होता. भाऊ समोरच्या पायऱ्यांनी वर गेले. पाचच पायऱ्या होत्या. वर पोचल्यावर आपल्याला धाप का लागली ते त्यांना कळेना.

टी-सेट मधल्या टेबलावर मांडलेला होता. किटली, दूधदाणी, साखरदाणी, बारा बशा आणि अकरा कप. निळा काठ, त्यावर सोनेरी वेल, आणि वेलीला मोहरीएवढी लाल फळं.

"एक कप कमी आहे," नईम हळहळला. "बारा असते तर भावच वेगळा होता."

"आजी म्हणायची, मोलकरणीने फोडला," लीलाधरशेठ म्हणाला. "साहेब लोक यायचे ना कापूस कंपनीचे, त्यांच्यासाठी आजोबांनी खास मागवला होता. आमच्या घरात सौंदर्याची फार कदर."

भाऊंनी एक कप उचलला. उजेडासमोर धरायला गेले आणि हात तसाच राहिला. ती लाल फळं त्यांनी पाहिली होती. एक-दोनदा नव्हे, शेकडो वेळा, अगदी नाकासमोर. बाप उकिडवा बसून चहा पीत असे आणि शेजारी बसलेला देवचंद त्या फळांची वेल कपाभोवती कुठे संपते ते शोधत असे. त्यांच्या झोपडीत तेव्हा ॲल्युमिनियमच्या दोन थाळ्या होत्या, विहिरीवर लोखंडी बादली होती, आणि साऱ्या जगात सुंदर अशी एकच वस्तू त्या पोराने पाहिली होती. तिला कान नव्हता.

आणि हे गृहस्थ इतकी वर्षं सांगत होते, रक्तात असावं लागतं म्हणून.

त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि कोणाला काही न सांगता बंगल्याला वळसा घालून मागे गेले. जिनाचे पत्रे कधीच भंगारात गेले होते. वजनकाट्याची खोली मात्र होती, छप्पर अर्धं बसलेलं. तिच्या मागच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, एक कोनाडा. कोनाड्यात रंगाचा वाळलेला ब्रश, एक सडकं फडकं आणि त्यांच्या मागे, पालथा, तो.

भाऊ तिथेच मातीत बसले. पांढऱ्या सदऱ्याचा विचार त्यांना आला नाही. कप काढला तर आत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. शेजारी नळ होता, तोही तोच, आणि आश्चर्य म्हणजे त्याला पाणी होतं. भाऊंनी माशीचं घर खरवडून काढलं, बोटाने कप आतून-बाहेरून धुतला, आणि निळा काठ दिसू लागला, वेल दिसली, फळं दिसली. मग त्यांचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने कप कोनाड्यात पुन्हा पालथा घातला. स्वतःच्या हाताचं हे शहाणपण बघून भाऊंना असा संताप आला, की त्यांनी त्याच हाताने कप परत उचलला आणि तरातरा व्हरांड्यात आले.

बारावी बशी रिकामी होती. त्यांनी कप तिच्यावर ठेवला. बशीच्या खळग्यात तो टकन बसला.

"अरे वा!" लीलाधरशेठने टाळीच वाजवली. "काका, कमाल केली तुम्ही! कुठे मिळाला?"

सगळे टेबलाभोवती जमले. इंदूरचा एक हॉटेलवाला आला होता, जुन्या राजवाड्यासारखं हॉटेल नव्याने बांधणारा. तो तर फुललाच. "बारह तो बारह होता है, साहब. कान नहीं है तो क्या हुआ, कान तो जुड़ जाएगा. मेरे पास ऐसा कारीगर है, दिखेगा भी नहीं."

नईमचा मात्र धंद्याचा एक नियम होता. वस्तू कुठली, कुठे सापडली, तिला खोट काय, हे तो बोलीआधी मोठ्याने सांगत असे, म्हणजे मागाहून भांडण नको. त्याने विचारलं, "भाऊ, कुठे सापडला ते सांगा, म्हणजे मी पुकारतो."

"काट्याच्या खोलीमागे. कोनाड्यात."

लीलाधरशेठच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला. त्याने भाऊंना हळूच कोपऱ्यात घेतलं. "काका, अडगळीत सापडला म्हणू या ना. तेही खोटं नाही. जुन्या लोकांचं जुनं काहीतरी असतं, आता ते कशाला..." मग त्याच्या लक्षात आलं. "पण तुम्हाला कोनाडा कसा माहीत?"

"झिपरू हमालाचा मुलगा मी."

"झिपरू..." लीलाधरशेठने आठवल्यासारखं केलं. "हो का? वा. वा, छान." यात छान काय ते त्यालाही सांगता आलं नसतं.

भाऊ टेबलाशी परत आले. त्यांना एरवी लिलावात फार बोलायची सवय. मेंढपाळीच्या पायावर ते पाऊण तास बोलले होते. आज ते थोडंच बोलले. "कोणी मोलकरणीने फोडला नाही हा कप. याचा नुसता कान गेला. कान गेल्यावर घरात नको झाला, आणि विलायती म्हणून फेकवेनाही. मग काट्यामागे गेला, आमच्या लोकांसाठी. आम्हाला शिवलेलं घरात चालत नव्हतं. चहा वरून ओतायचे, किटली कपाला लागू नये म्हणून. पिऊन झालं की ज्याने प्यायला त्यानेच धुवायचा आणि पालथा घालायचा. माझा बाप तोवर बौद्ध झाला होता. धर्म त्याने बदलला, कप काही बंगल्याने बदलला नाही. आणि अस्पृश्यता कायद्याने जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण कायद्याला बहुतेक फाटकावर अडवलं असेल. बोला आता बोली."

एकाला अचानक मोबाइलवर महत्त्वाचं काम निघालं. एक बाई साखरदाणीचं झाकण काढून आत बघू लागल्या. आणि इंदूरवाल्याने कप दोन बोटांत धरून पुन्हा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि त्याला कान नसल्याचं त्याच्या आता कुठे लक्षात आलं.

"कान नहीं है," तो गंभीरपणे म्हणाला. "जोड़ दिखेगा. गेस्ट को ऐसा कप कैसे देंगे? ग्यारह ही ठीक है."

मग सगळ्यांनाच तो कान दिसू लागला. कान नसणं ही केवढी मोठी खोट आहे, चिकटवलेला कान कसा गरम चहाने सुटतो, कुठल्या मावशीच्या अंगावर एकदा कसा चहा सांडला होता, यावर तज्ज्ञांची चर्चा झाली. जातीचं नाव कोणी काढलं नाही. आपल्याकडची माणसं सुशिक्षित आहेत, ती असलं काही मनातही आणत नाहीत. नुसता कप त्या बशीवरून उचलून टेबलाच्या कडेला ठेवला.

अकरा कपांचा संच पुकारला गेला. भाऊ ज्यासाठी आले होते तो हाच. पैसे खिशात होते, बोली आवाक्यात होती, नईम दर वेळी हातोडा उचलून त्यांच्याकडे आशेने बघत होता. भाऊंनी हात वर केला नाही. त्यांची नजर टेबलाच्या कडेच्या कपावर होती. संच इंदूरला गेला.

"काका, हा राहिलेला तुम्ही असाच घेऊन जा," लीलाधरशेठ अगदी मनापासून म्हणाला. "पैशांचं काय. माझ्याकडून भेट समजा."

भाऊंच्या डोक्यात तिडीक गेली. "फुकटच मिळत होता तो आम्हाला, शेठ. आता विका."

नईमने पुकारलं. "एक कप. विलायती, निळा काठ, कान नाही. कोनाड्यातला." भाऊंनी बोली लावली. नईमने दुसऱ्या बोलीसाठी सगळीकडे नजर फिरवली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच देवचंद बैसाणे, जो लिलावात दुसरा हात वर झाला की मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा, तो देवाला न मानणारा माणूस मनात गयावया करू लागला की कोणीतरी हात वर करा. एकाने तरी. एवढ्या माणसांत एकाला तरी हा कप हवासा वाटू द्या. नईमने तीनदा विचारलं, जरुरीपेक्षा जास्तच थांबला, आणि हातोडा पडला. पहिल्याच बोलीत सुटलेली भाऊंची ही एकमेव वस्तू. त्यांना फार अपमान वाटला आणि फार वाईट वाटलं.

लिलाव संपल्यावर चहा आला. लीलाधरशेठ स्वतः किटली घेऊन फिरत होता, कागदी कपांतून देत होता. भाऊंपाशी आला तेव्हा त्यांनी आपला कप पुढे केला.

"यात द्या."

लीलाधरशेठ घुटमळला. मग, बरं दिसावं म्हणून असेल किंवा खरंच लाज वाटून असेल, त्याने किटलीची चोच अगदी कपाच्या काठाला टेकवली आणि चहा ओतला. भाऊंनी दोन्ही हातांच्या तळव्यांत कप धरला, कारण कान नसलेला कप तसाच धरावा लागतो, आणि बसून, खुर्चीवर बसून, सावकाश चहा प्यायले. चहा साधारणच होता. संपल्यावर त्यांनी कप उताणा टेबलावर ठेवला, पावती घेतली, आणि म्हणाले, "शेठ, धुऊन द्या. जळगावला जायचंय, बस चुकेल."

लीलाधरशेठने आत कामवाल्या मुलीला हाक मारली, "अगं भाविका, हा कप जरा..."

"त्या पोरीला कशाला?" भाऊ म्हणाले. "हा कप कधी नोकरांनी धुतलेला नाही."

नईम हातोडा पिशवीत भरायचा थांबला. लीलाधरशेठने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं, आणि 'हो' म्हणायला तोंड उघडेना. शेवटी त्याने कप उचलला आणि पायऱ्या उतरून बागेतल्या नळाशी गेला. पँट ओली होऊ नये म्हणून वाकून, लांबून, त्याने कप नळाखाली धरला. भाऊ व्हरांड्यातून बघत होते. या दृश्याने आपल्या काळजाला थंडावा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. सूड हा असाच असतो असं ऐकलं होतं. पण त्यांना नुसता बाप आठवला, त्याचे कापसाचे तंतू चिकटलेले हात आठवले, आणि रडू येऊ नये म्हणून ते उगाच भिंग पुसत बसले.

पिंप्राळ्यात पोचले तेव्हा मंदाबाई दारातच होत्या. पुतळा नाही, खोकं नाही, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक कप, आणि त्यालाही कान नाही. त्या काही बोलणार तेवढ्यात त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पाणी आणायला आत गेल्या. मग भाऊंनी सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, कोनाड्यापासून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा कोनाडा त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता.

मंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा फक्त म्हणाल्या, "आम्हनाकडे नारळनी नरोटी व्हती. कप कोठला?" मग त्यांनी कप उचलला, दिव्याखाली धरला, आत पाहिलं, बोट फिरवलं. बुडाशी चहाचं तपकिरी कडं तसंच होतं.

"कोनी धोया हाऊ?"

"लीलाधरशेठनी."

मंदाबाईंनी बोट पदराला पुसलं.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पहिलाच दिन व्हता त्याना. शिकी जाई."